तेलाने भरलेले पात्र

श्रोतेहो, घरात सून गरोदर राहिली म्हणजे आपण तिची ओटी भरतो, झोपाळा फुलांनी सजवितो, डोहाळजेवणाच्या पंक्ती उठवितो. या सोहळ्यात तिचा पती कोठे असतो? बहुधा बाहेरच्या ओट्यावर!

प्राचीनांनी त्यास तेथे बसविलेले नाही. चौथ्या मासी गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून सुश्रुतसंहिता गर्भिणीस दोन हृदयांची म्हणते. काठोकाठ तेलाने भरलेले पात्र हिंदकळू न देता न्यावे तसे तिला जपावे, असे चरकसंहितेत आहे. डोहाळे न पुरविल्यास गर्भास दोष संभवतो, असे याज्ञवल्क्यस्मृतीत म्हटले आहे. पण ही ताकीद घरच्यांस आहे. पुढे मूल अधू निघाले तर मातेस बोल लावण्याचा परवाना तीत कोणी शोधू नये.

कालिदासाचा दिलीप राजा पाहा. सुदक्षिणा लाजेने काही मागत नाही, म्हणून तो तिच्या सख्यांस पुनःपुन्हा विचारतो. उलट उत्तरकांडात सीतेने आश्रमदर्शनाचा डोहाळा सांगितला आणि तोच तिच्या त्यागाचे निमित्त झाला. आम्ही रामाचे दास. तरी ही कथा सांगताना वाणी अडखळते.

पहिल्या महिन्यांतील ओकाऱ्या, पुढे पाठदुखी, पायांची सूज, मोडलेली झोप ही दुःखे दिसतात तरी. रात्री कारणावाचून येणारे रडू कोणास दिसावे? ‘आम्हालाही झाली मुले,’ एवढे बोलून वडीलधाऱ्या मोकळ्या होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गर्भवतींपैकी सुमारे १० टक्के स्त्रियांस मानसिक व्याधी जडते, विशेषतः विषण्णता. आणि पतीही निश्चिंत नसतो. खर्चाची काळजी, प्रसूतीचे भय तो मनातच ठेवतो. त्याला विचारणारे तर कोणीच नसते. त्यात पहिलटकरीण माहेरी गेली की दोघांची भीती दोन गावी एकेकटी राहते. त्याने रोज तिची चौकशी करावी, आणि आपलीही धास्ती तिच्यापाशी बोलावी.

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज किंवा रक्तस्राव झाल्यास अंगारा अवश्य लावा, पण वाहन आधी बोलवा. २०१६ पासून सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. त्या दिवशी पतीने अर्ध्या दिवसाची रजा काढून तिच्यासोबत जावे, आणि डॉक्टर काय सांगतात ते स्वतःच्या कानांनी ऐकावे.