मैदानाची वहिवाट

‘मालकी’ आणि ‘वहिवाट’ हे दोन शब्द मराठीत शेजारी शेजारी नांदत आले आहेत. पण त्यांच्यातील भाऊबंदकीही जुनी आहे. मालकीला कागद लागतो, वहिवाटीला पाय पुरतात. एखाद्याच्या शेतातून गावाने पिढ्यान्‌पिढ्या ये-जा केली, की त्या वाटेवर कुंपण घालताना मालकाचाही हात क्षणभर थबकतो. ही समज कायद्याच्या आधीची आहे. कायद्याने तिला पुढे शब्दरूप दिले. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आरंभी ज्या मोजक्या प्रदेशांना लागू झाला, त्यांत मध्यप्रांत होता, आणि म्हणून रायपूरही होते. मुंबई इलाख्यापर्यंत तो १८९१ साली पोचला. त्या कायद्याप्रमाणे उघडपणे, शांततेने, अखंडपणे आणि हक्काच्या भावनेने वीस वर्षे केलेली वहिवाट हक्कात परिणत होते. जमीन सरकारी असेल, तर ही मुदत तीस वर्षांची आहे.

प्रश्न असा, की मैदानाला वहिवाट असते काय? जो माणूस तीस-चाळीस वर्षे एका मैदानाच्या एकाच कोपऱ्यात उभा राहून एकाच संघाचा जयजयकार करीत आला, त्याचा त्या मैदानावर काही अधिकार उत्पन्न होतो काय? कायद्याचे उत्तर नकारार्थी आहे. सुविधाधिकार हा जमिनीला चिकटलेला असतो. शेजारी स्वतःचे शेत असावे लागते. प्रेक्षकाजवळ शेत नसते. असते ती केवळ सवय. परंतु जेथे कायदा थांबतो तेथे नीतीचा विचार थांबत नाही, किंबहुना तेथूनच तो सुरू होतो.

रायपूरच्या तात्यापाऱ्यासारख्या वस्तीत हा प्रश्न अगदी साध्या रूपात उभा राहतो. छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे वस्ती. पण मराठी कानाला त्या शब्दात वडापिंपळाभोवतीचा पारही ऐकू आल्यावाचून राहत नाही. भोसल्यांच्या राजवटीपासून नागपूर-विदर्भाशी नाते सांगणाऱ्या मराठी कुटुंबांचा हा जुना परिसर. जवळच्या बुढापाऱ्यात माधवराव सप्र्यांच्या नावाची शाळा आणि तिचे मैदान आहे. सप्रे हे जन्माने मराठी. हिंदी पत्रकारितेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक आणि टिळकांच्या ‘गीतारहस्या’चे हिंदी भाषांतरकार. त्यांच्या नावाच्या मैदानावर खेळ पाहण्यासाठी कोणाला तिकीट काढावे लागत नाही, वाहन शोधावे लागत नाही. संध्याकाळी चपला पायात सरकवल्या, की माणूस तेथे पोचतो.

आता दुसरे चित्र. शहरापासून वीसेक किलोमीटर दूर, नव्या राजधानीच्या क्षेत्रात, परसदा गावाजवळ शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचे भव्य क्रिकेट स्टेडियम २००८ साली उभे राहिले. त्याची आसनक्षमता साठ हजारांहून अधिक सांगितली जाते. २०१३ साली तेथे आयपीएलचे सामने झाले. परंतु पहिला आंतरराष्ट्रीय पुरुष एकदिवसीय सामना होण्यास २१ जानेवारी २०२३ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी न्यूझीलंडचा डाव १०८ धावांत आटोपला आणि भारताने आठ गडी राखून सामना जिंकला. वास्तू आणि तो दिवस यांच्यामध्ये जवळजवळ पंधरा वर्षे गेली.

या स्टेडियमविषयी रसिकांत दोन मते असणे स्वाभाविक आहे. एक मत असे, की आपल्या राज्याचे नाव देशाच्या नकाशावर आले. स्वच्छ खुर्च्या, प्रशस्त वाहनतळ, जगातले नामवंत खेळाडू आपल्या डोळ्यांसमोर, याहून अधिक काय हवे? दुसरे मत असे, की हे मैदान ‘आपले’ वाटत नाही. तेथे आपण जातो ते पाहुण्यासारखे. पहिल्या मतात अभिमान आहे, दुसऱ्यात ममत्व. अभिमान दुरूनही बाळगता येतो. ममत्वाला मात्र सान्निध्य लागते. म्हणून या दोन मतांपैकी एक खरे आणि दुसरे खोटे असे म्हणता येत नाही. ती एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी असू शकतात, आणि बहुधा असतातही.

हा अनुभव एकट्या रायपूरचा नाही. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर १९६९ पासून कसोटी सामने होत असत. न्यायालये, कचेऱ्या आणि महाविद्यालये यांच्या सहवासातले ते मैदान. २००८ साली कसोटी क्रिकेट वर्धा मार्गावरील जामठ्याला गेले. सौरव गांगुलीसारख्या खेळाडूचा अखेरचा कसोटी सामना त्याच नव्या मैदानावर झाला, तरीही रिकाम्या खुर्च्यांची चर्चा झालीच. खेळपट्टी उत्तम होती, इमारत देखणी होती. पण दुपारच्या सुटीत तासभर डोकावून जाणारा कारकून आणि शाळा बुडवून आलेला मुलगा तेथवर पोचू शकत नव्हते. प्रेक्षक हा केवळ तिकिटाने निर्माण होत नाही. तो वाटेने निर्माण होतो, हे अशा वेळी ध्यानात येते.

मग शहराच्या मध्यभागी स्टेडियम बांधले, की प्रश्न सुटतो काय? मुंबईचे उदाहरण याविषयी उद्बोधक आहे. १९३७ साली उभ्या राहिलेल्या ब्रेबॉर्न स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम बांधले गेले, ते आसनांच्या वाटपावरून दोन संस्थांत झालेल्या बेबनावामुळे. वाद आसनांचा होता, पण आसनावर बसणाऱ्याला त्यात स्थान नव्हते. जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला. क्लाइव्ह लॉइडचे द्विशतक झाल्यावर त्याचे अभिनंदन करण्यासाठी एक प्रेक्षक मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बदडले आणि प्रेक्षागारात दंगल उसळली. नवे स्टेडियम आणि त्याचा प्रेक्षक यांच्यातला पहिला संवाद हा असा झाला. जागा जवळची असूनही विचारणा झाली नाही, तर अंतर राहतेच.

ही विचारणा म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी इंग्लंडमधील विम्बल्डन या फुटबॉल संघाची कथा पाहावी. १९८८ साली एफ. ए. चषक जिंकणारा हा संघ. १९९१ मध्ये त्याने आपले जुने प्लाव लेन मैदान सोडले आणि तो दुसऱ्या क्लबच्या मैदानावर बिऱ्हाडकरूसारखा राहू लागला. २००२ साली मालकांना हा संघ सुमारे नव्वद किलोमीटर दूरच्या मिल्टन कीन्स या नगरात नेण्याची परवानगी तिघांच्या आयोगाने दिली. समर्थकांनी नवा क्लब काढणे हे फुटबॉलच्या व्यापक हिताचे ठरणार नाही, असेही मत त्या आयोगाने नोंदवले. समर्थकांनी ते मानले नाही. काही आठवड्यांतच त्यांनी स्वतःचा क्लब स्थापन केला, खेळाडूंची निवड मोकळ्या माळावर चाचणी घेऊन केली आणि इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीपासून आरंभ केला. २०११ साली हा क्लब व्यावसायिक लीगमध्ये पोचला. नोव्हेंबर २०२० मध्ये जुन्या मैदानाच्या शेजारीच, त्याच रस्त्यावर, त्याचे नवे स्टेडियम सुरू झाले. दैवदुर्विलास असा, की महासाथीच्या निर्बंधांमुळे त्या पहिल्या सामन्याला प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. ज्यांनी अठरा वर्षे खपून संघ घरी आणला, तेच दाराबाहेर राहिले.

या कथेतील नैतिक आशय पराक्रमाचा नाही. मालकांकडे कागद होते, आयोगाचा निर्णय होता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने संघ त्यांचाच होता. तरीही नाव, रंग, स्मृती आणि गाव यांची जी एक गुंफण असते, ती त्यांना गाडीत घालून नेता आली नाही. दोन वर्षांत त्यांच्या संघाला नावही बदलावे लागले. समर्थकांजवळ मालकी नव्हती, पण ते नुसते ग्राहकही नव्हते. दुकान दूर गेले तर ग्राहक दुसऱ्या दुकानात जातो. मंदिराचा भाविक तसे करीत नाही. मालक आणि ग्राहक यांच्या मधली जी एक जागा आहे, तिला आधुनिक व्यवहाराच्या भाषेत शब्द नाही. ‘वहिवाटदार’ हा आपला जुना शब्द तेथे शोभतो.

परंतु वहिवाटीचा दावा करणाऱ्याने वहिवाटीच्या अटीही मान्य केल्या पाहिजेत. कायदा ‘शांततेने’ म्हणतो. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या नावांचे फुटबॉल संघ शहराच्या हृदयातील शाहू स्टेडियमवर झुंजतात. पेठेचा अभिमान, तालमीची परंपरा आणि खेळ यांचा असा एकजीव महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच दिसेल. पण समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी तेथील हंगामांना अनेकदा गालबोटही लागले आहे. मैदानाशेजारी राहणाऱ्याला सामन्याच्या दिवशी दार लावून बसावे लागत असेल, तर समर्थकाची वहिवाट त्या शेजाऱ्याच्या अंगणातून जाते असे म्हणावे लागेल. वहिवाट वापरणाऱ्याने जमीनधारकाला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने ती वापरावी, असेही त्याच कायद्याचे सांगणे आहे. शिवाय जुन्या मैदानाच्या स्मृती सर्वांच्या सारख्या नसतात. त्या गर्दीत जिला कधी निर्धास्त उभे राहता आले नाही ती स्त्री, आणि ज्याला त्या पायऱ्या चढता आल्या नाहीत तो अपंग रसिक, यांना नव्या स्टेडियमची स्वच्छ, रुंद वाट हीच पहिली वाट असू शकते. जुन्याविषयीच्या हळव्या भावनेने त्यांच्या वाट्याला पुन्हा कुंपण येऊ नये.

आणि याहून अवघड असा तिसरा पक्ष आहे. नव्या राजधानीसाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या, तेथील शेतकऱ्यांनी २०२२ च्या आरंभी मोबदला आणि पुनर्वसन यांसाठी दीर्घ आंदोलन केले. रायपूरचा रसिक म्हणतो, की मैदान माझ्यापासून दूर नेले; तो शेतकरी म्हणू शकतो, की शहर माझ्या जमिनीवर आणले. वीस वर्षांच्या टाळ्यांनी जर ममत्व सिद्ध होत असेल, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या नांगरटीने ते किती सिद्ध होईल? वहिवाटीचे तत्त्व स्वतःपुरते मांडायचे आणि दुसऱ्याच्या बाबतीत मोबदल्याच्या आकड्यावर थांबायचे, हा विचारातला अप्रामाणिकपणा ठरेल. समर्थकाच्या दाव्याला नैतिक बळ येते ते याच अटीवर, की तो आपल्यासारख्याच दुसऱ्या दाव्याला ओळखतो.

तेव्हा समर्थकाच्या मताचे मोल किती मानावे? ते निर्णायक मानता येणार नाही. कारण वहिवाटदार वाटेचा धनी नसतो, आणि शहराला बदलण्याचा हक्क आहे. पण ते नगण्यही मानता येणार नाही. निर्णयाच्या आधी ज्याला विचारले पाहिजे, आणि निर्णयानंतर ज्याची वाट मोकळी ठेवली पाहिजे, असा तो माणूस आहे. ही मोठी तात्त्विक मागणी वाटली, तरी तिची कसोटी अत्यंत लहान आहे. परसद्याला रात्रीचा सामना संपतो. दिवे हळूहळू मालवतात. त्या वेळी स्वतःचे वाहन नसलेला, सत्तरीला आलेला तात्यापाऱ्यातील रसिक घरी कसा पोचणार, या प्रश्नाचे उत्तर नकाशा आखतानाच कोणी शोधले होते काय? शोधले असेल, तर ते मैदान दूर असूनही त्याचे आहे.

कायद्यात आणखी एक कलम आहे. वीस वर्षे वापर झाला नाही, तर सुविधाधिकार लोप पावतो. जामठा असो, परसदा असो की उद्या बांधले जाणारे एखादे स्टेडियम, कोणी जाहीरपणे हिरावून न घेताही वाट बुजू शकते. एक पिढी दूरदर्शन संचासमोर बसली, की पुरे होते. सप्रे शाळेच्या मैदानाकडे संध्याकाळी निघालेल्या मुलांना यातले काही ठाऊक नसते, आणि असण्याचे कारणही नाही. त्यांचे जाणे चालू आहे, एवढेच आज सांगता येते.