नाबोथाचा मळा



अहाब राजाने मळ्याची चांगली किंमत देऊ केली, तरी नाबोथाने आपले वडिलोपार्जित वतन विकले नाही (१ राजे २१). ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील गावांनी २०१३ साली हेच उत्तर दिले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार भरलेल्या १२ ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण एकमुखाने नाकारली. तो डोंगर डोंगरिया कोंध आदिवासींचे दैवत आहे.

विकासाला आपला विरोध नाही. परंतु आपल्या खिडक्यांचे अ‍ॅल्युमिनियम बॉक्साइटपासूनच बनते. गरज कुठे संपते आणि हाव कुठे सुरू होते, हे आपण स्वतःला विचारूया.

नाबोथाच्या गावच्या वडीलमंडळींनीच दरबाराला साथ दिली, म्हणून त्याचा बळी गेला. डोंगर राखणारी माणसे उद्या सहीसाठी आपल्या दारी आली, तर त्यांना एकटे पाडू नये. प्रभू आपल्याला ते धैर्य देवो.