सगळ्या गोळ्या एकत्र कोण बघतं?

हैदराबादेत गौलीगुड्यात राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या मराठी गृहस्थांच्या गोळ्या कुठून कुठून येतात, हे एकदा टेबलावर मांडून बघण्यासारखं आहे. शुगरच्या गोळ्या वस्ती दवाखान्यातून, कारण तिथे त्या फुकट मिळतात. हृदयाच्या गोळ्या मुसी नदीकाठच्या उस्मानिया रुग्णालयातून, किंवा मुलानं जिथे अँजिओप्लास्टी करवून घेतली तिथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. गुडघेदुखीची गोळी कोठीतल्या हाडांच्या डॉक्टरांची, लघवीच्या त्रासावरची आणखी कुणाची. पुण्यातली मुलगी दर महिन्याला ऑनलाइन मागवून देते ते कॅल्शियम वेगळं. शिवाय घरचं त्रिफळा चूर्ण, खोकल्यासाठी ज्येष्ठमध, आणि जुन्या हैदराबादी सवयीनं एखादं युनानी माजून. प्रत्येक डॉक्टरला आपापली गोळी नीट ठाऊक असते. सगळ्या गोळ्या एकत्र बघणारं कुणीच नसतं.

माझं म्हणणं असं की हे काम औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टचं आहे. कायद्यानं तर आहेच, पण व्यवहारानंही आहे, कारण डॉक्टर चार असले तरी गल्लीतलं मेडिकल बहुधा एकच असतं. तो हे काम करत नाही, याचा दोष आपण त्याच्या आळसाला किंवा अर्धवट शिक्षणाला देतो. मला त्याचं कारण त्याच्या गल्ल्यात दिसतं.

आधी धोका नेमका कुठे असतो ते बघू. समजा, एका चिठ्ठीवर ‘अमॅरिल’ आहे आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ग्लायकोमेट जीपी’. नाव वेगळं, वेष्टन वेगळं, पण ग्लिमेपिराइड हे शुगर उतरवणारं औषध दोन्हींत आहे. दोन्ही गोळ्या सकाळी घेतल्या आणि त्या दिवशी संकष्टी असली तर? नऊ वाजता चंद्रोदय होईपर्यंत पोटात साबुदाण्यापलीकडे काही नसतं. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. घरच्यांना वाटतं, वय झालं, उपास सोसत नाही आता. असा माणूस बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडतो तेव्हा ‘पाय घसरला’ असंच सगळे म्हणतात. संकष्टीची चौकशी कुठल्याही डॉक्टरांच्या छापील फॉर्ममध्ये नसते. वीस वर्षं त्याच गल्लीत बसलेल्या दुकानदाराला मात्र हे गिऱ्हाईक महिन्यातून एकदा उपास करतं हे माहीत असण्याची शक्यता बरीच असते.

दुसरं उदाहरण जास्त फसवं आहे. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन सुरू होतं. काही जणांच्या घोट्यांना त्यानं सूज येते. हा त्या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे. पण पेशंट ती सूज दाखवायला वेगळ्याच डॉक्टरकडे जातो आणि लघवी वाढवणारी गोळी घेऊन येतो. तिच्यानं पोटॅशियम उतरतं, पायात गोळे येतात, रात्री तीनदा उठावं लागतं, झोपमोड होते आणि मग चिठ्ठीवर झोपेची गोळी येते. एका औषधाच्या परिणामाला नवा आजार समजून दुसरं औषध लिहिण्याच्या या साखळीकडे रोशॉन आणि गुर्विट्झ या दोन डॉक्टरांनी १९९७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लक्ष वेधलं होतं. यात कुठल्याही एका डॉक्टरनं चूक केलेली नसते. त्याच रुग्णाला त्यात दुखण्यावरची डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मिळाली, तर आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर भार येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि वेदनाशामक या तिघांचं एकत्र येणं मूत्रपिंडांना चांगलंच महागात पडतं. आणि ज्येष्ठमधही निरुपद्रवी नाही. ते रोज, भरपूर घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम आणखी घटतं. ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून त्याचा उल्लेख कुणी करत नाही.

घरातल्या प्रेमातूनही घोळ होतात. वडिलांना गिळता येत नाही म्हणून सून गोळी कुटून दुधातून देते. पण नावापुढे ‘एसआर’ लिहिलेली गोळी हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेली असते. ती कुटली की दिवसभराचा डोस एकदम पोटात उतरतो. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतल्यानं जगभरात माणसं दगावली आहेत. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चारेक तासांचं अंतर लागतं. यातली कुठलीच गोष्ट अवघड नाही, पण प्रत्येक गोष्ट कुणीतरी बोलून सांगावी लागते.

म्हातारपणी हे सगळं जास्त बोचतं, कारण मूत्रपिंडांची औषध बाहेर टाकण्याची ताकद उतरलेली असते, शरीरातलं पाणी कमी आणि चरबी जास्त झालेली असते. चाळिशीत सहज पचणारी झोपेची गोळी पंचाहत्तरीत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगात राहते. वृद्धांना शक्यतो कुठली औषधं देऊ नयेत याची यादी मार्क बीअर्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९९१ साली केली. ती आजही ‘बीअर्स निकष’ या नावानं सुधारून प्रसिद्ध होते. ॲलर्जीवरच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या तिच्यात आहेत. आपल्याकडे त्या सर्दीसाठी चिठ्ठीशिवाय सुट्या मागितल्या जातात, आणि मिळतात.

आता कायद्याकडे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं असतं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी तर फार स्पष्ट भाषा वापरली: फार्मासिस्टनं चिठ्ठी तपासावी, एकच औषध दोनदा आलं आहे का, औषधांचा एकमेकांशी संघर्ष आहे का ते बघावं, आणि औषध कशासाठी, कसं, केव्हा घ्यायचं, डोस चुकला तर काय करायचं हे रुग्णाला समजावून सांगावं. कागदावर याहून जास्त काही मागण्यासारखं उरत नाही. प्रत्यक्षात संध्याकाळी सातच्या सुमाराला कोठीतल्या एखाद्या दुकानासमोर उभं राहा. परवान्याबरोबर भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्रावरचा फार्मासिस्ट आत असेलच असं नाही. काउंटरवरचा चुणचुणीत मुलगा स्ट्रिप कात्रीनं कापून चार गोळ्या देतो, त्यात औषधाचं नाव अर्धं तुटतं आणि एक्स्पायरीची तारीख दुकानातच राहते. ‘सुबह-शाम, खाने के बाद’ एवढं तो सांगतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

इथे हैदराबादचा एक खास पेच आहे. चिठ्ठी इंग्रजीत, दुकानदाराची बोली तेलुगू, मधला व्यवहार दखनीत आणि औषध घेणाऱ्या आजी मराठी. नांदेड-परभणीहून नोकरीनिमित्त किंवा लग्न होऊन आलेल्या, पन्नास वर्षं इथे काढलेल्या बायका भाजीचा भाव तेलुगूत करतात. पण ‘लघवीला जळजळ होते’ हे परक्या भाषेत, चार पुरुषांसमोर, काउंटरवर त्या सांगत नाहीत. मान हलवतात आणि घरी येतात.

फार्मासिस्ट गप्प का राहतो? सरकारनं किंमत ठरवून दिलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मार्जिन मिळतं. २०१३ च्या औषध किंमत आदेशातच तसं आहे. म्हणजे वीस रुपयांच्या स्ट्रिपवर त्याच्या हाती तीन रुपयेही पडत नाहीत. इतर औषधांवर थोडं जास्त मिळतं, पण त्यातलं बरंचसं सवलतीत जातं, कारण आपण सगळेच ‘वीस टक्के ऑफ’ची पाटी बघून दुकान निवडतो. त्यानं दहा मिनिटं घालवून आजोबांच्या गोळ्या तपासल्या आणि ‘यातली ही दुसरी घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा’ असं सांगितलं, तर त्याचा वेळ गेला, विक्री बुडाली आणि वर डॉक्टरची नाराजी. शहाणपणाचा सल्ला द्यावा तितका धंदा बुडेल, अशी ही रचना आहे. तिच्यात नियमांची भाषा कितीही कडक केली तरी काउंटरवर काही बदलायचं नाही.

ऑस्ट्रेलियानं या गाठीचं टोक बरोबर पकडलं. तिथे २००१ पासून डॉक्टरच्या सांगण्यावरून प्रशिक्षित फार्मासिस्ट रुग्णाच्या घरी जातो, कपाटातली, उशाखालची सगळी औषधं बघतो आणि डॉक्टरला लेखी अहवाल देतो. त्या भेटीचे पैसे सरकार देतं. एकही गोळी न विकता त्याला मोबदला मिळतो, म्हणून गोळी कमी करा असं सांगायला तो मोकळा राहतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला डॉक्टरांचा: केमिस्टनं डॉक्टर होऊ नये. तो मला मान्य आहे. फार्मासिस्टनं औषध बंद करायचं नाही, बदलायचंही नाही. शंका आली की डॉक्टरला फोन करायचा. अडचण एवढीच की चिठ्ठीवर छापलेल्या नंबरवर रिसेप्शनिस्ट असते आणि ‘डॉक्टर पेशंट बघतायत’ या वाक्यापुढे गाडी सरकत नाही. दुसरा आक्षेप शिक्षणाचा: दोन वर्षांच्या पदविकेत इतकं ज्ञान कुठून येणार? पण २००८ पासून देशात सहा वर्षांचा फार्म-डी अभ्यासक्रम आहे. त्याचे विद्यार्थी रुग्णालयाच्या वॉर्डांत फिरून रुग्णांची औषधं तपासायला शिकतात. पदवी मिळाल्यावर त्या कामासाठी पगार देणारी जागा फारशी सापडत नाही, म्हणून यातले कित्येक कंपन्यांत औषधांच्या तक्रारींची कागदपत्रं भरायला बसतात. याच शहरात बालानगरला आयडीपीएल या सरकारी औषध कंपनीचा कारखाना उभा राहिला, तिथे काम केलेल्या अंजी रेड्डींनी १९८४ साली स्वतःची कंपनी काढली, आणि आज इथली औषधं अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांच्या कपाटांत आहेत. गोळी बनवण्याचं सगळं शहाणपण इथे आहे. ती कुणाला, कशाबरोबर द्यावी हे बघण्यासाठी इथे कुणी पैसे मोजत नाही.

उस्मानियाची नवी इमारत गोशामहलला होणार आहे. २०२५ च्या जानेवारीत तिची पायाभरणी झाली. गौलीगुड्याहून ती चालत जाण्याच्या अंतरावर असेल. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात औषध वाटणाऱ्या खिडकीशेजारी आणखी एक खिडकी हवी, जिथे औषध मिळणार नाही, फक्त आणलेली औषधं तपासली जातील. तिथे फार्म-डी झालेली पगारी माणसं बसावीत, आणि त्यांच्यात मराठी, उर्दू बोलणारी असावीत.

पण सरकारी खिडकी उघडेपर्यंत थांबायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ पासून १७ सप्टेंबर हा रुग्ण-सुरक्षा दिन ठरवला आहे, आणि २०२२ साली त्याचा विषय सुरक्षित औषधं हाच होता. जिनिव्हातल्या मंडळींना कल्पना नसणार, पण हैदराबाद संस्थानातून आलेल्या आम्हा मराठी माणसांचा तो मुक्तिदिन. गणेशोत्सवही बहुधा त्याच्या आगेमागेच येतो. हैदराबादेतली मराठी मंडळं तेव्हा शुगर-बीपी तपासणीची शिबिरं घेतात. ती तपासणी आता कुठेही होते. शिबिरातून म्हातारी माणसं एक नवा आकडा आणि बऱ्याचदा एक नवी गोळी घेऊन घरी जातात. त्याऐवजी घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायला सांगावं. दोन फार्मासिस्ट बसवावेत, एकेका पिशवीला वीस मिनिटं द्यावीत, आणि कुठली गोळी कशासाठी, कुठली दोनदा येते, डॉक्टरांना काय विचारायचं, हे मोठ्या अक्षरांत, मराठीत एका कार्डावर लिहून द्यावं. तेच कार्ड पुढच्या प्रत्येक डॉक्टरपुढे आणि गल्लीतल्या मेडिकलमध्ये ठेवायचं, म्हणून औषधांची मूळ नावं त्यावर इंग्रजीतही हवीत.

फार्मासिस्टला मात्र हारतुरे आणि नारळ देऊन बोळवण करू नये. पिशवीमागे दीडशे-दोनशे रुपये फी ठेवावी. पेन्शनर मंडळी पहिल्या वर्षी ती खिशातून देणार नाहीत. फुकटच्या सल्ल्याची सवय आपल्याला दुकानदारांनीच लावली आहे. तोवर ही फी मांडवाच्या खर्चातून द्यावी. लाउडस्पीकरचं एका संध्याकाळचं भाडं वाचवलं तर बऱ्याच पिशव्या तपासून होतील.