मनगटावरचं मिर्झापूर

मला घड्याळांचं वेड आहे. शौक म्हणत नाही. शौकाला पैसे लागतात. वडिलांचं साखळीचं खिशातलं घड्याळ, बहिणीनं दिलेलं, जुन्या बाजारातून आणलेली पाच-सहा... मिळून नऊ घड्याळं आमच्या तलासरीच्या घरात टिकटिकतात. त्यातलं सासऱ्यांनी लग्नात दिलेलं एचएमटी. बंगळूरचा तो कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानं निघाला, नि २०१६ साली बंद करायचं ठरलं. घड्याळ नि जावई मात्र रोज सकाळी चावी दिली की अजून चालतात.

"अहो, नऊ घड्याळं असून डहाणूची गाडी चुकायची ती चुकतेच ना?" हे घरचं मत. ते सोडून देऊ.

गेल्या डिसेंबरच्या अखेरची गोष्ट. चिकूंखालचं वाळकं गवत काढायला पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या वारल्याला बोलावलं. "सकाळी आठला या, काका." त्यांनी पूर्वेकडे बोट दाखवलं. "सूर्य त्या ताडावर आला की येतो." मी मान डोलावली. घड्याळवाल्या माणसाला वाटतं, जगातले सगळे ताड आठलाच उगवतात.

काका आले तेव्हा एचएमटीत आठ पस्तीस झाले होते. मी मनगट त्यांच्या नाकाखाली धरलं नि वक्तशीरपणावर एक व्याख्यान दिलं. शिक्षकी पेशातून निवृत्त होता येतं, व्याख्यानातून नाही. संध्याकाळी मजुरीतले पन्नास रुपये कापले. काकांनी नोटांकडे पाहिलं, माझ्या मनगटाकडे पाहिलं, नि काही न बोलता कोयता खांद्याला लावून निघून गेले.

रात्री झोप लागेना. एक तर नऊ घड्याळांचा आवाज, त्यात भूगोल आठवला. मुलांना तीस वर्षं शिकवलेला! भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. आपण जवळजवळ ७३ अंशांवर. अंशाला चार मिनिटं. म्हणजे मिर्झापूरचा सूर्य आमच्याकडे पोचायला ३८ मिनिटं लागतात. १९०६ साली ही प्रमाणवेळ आली, तरी मुंबई पुढे कित्येक वर्षं स्वतःची ३९ मिनिटं मागची वेळ धरून बसली होती. मुंबईनं केलं तो बाणा; काकांनी केलं तर उशीर!

सूर्याच्या हिशेबानं काका आठलाच आले होते. आणि हिशेबच करायचा, तर पाचला सुटी ठरली होती. शेवटचं झाड साफ करून ते उठले तेव्हा पावणेसहा झाले होते. त्या वेळी मी मनगटाकडे पाहिलं नव्हतं. चुकून नव्हे. पाहिलं असतं तर पैसे द्यावे लागले असते.

याच तालुक्यातल्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी वारली जमले, नि जमीनदाराची वेठ करायची नाही असं ठरवून उठले. गोदावरी परुळेकरांनी ती सगळी हकिकत लिहून ठेवली आहे. दरवर्षी मी वर्गात ती रंगवून सांगे, जमीनदाराचा आवाज काढून. पाऊण तासाची का होईना, पण वेठ ती वेठच. जमीनदाराकडे चाबूक असे. माझ्याकडे सतरा रत्नांचं यंत्र.

सकाळी पाड्यावर गेलो. काका उन्हाला बसले होते. मी रेखांश, मिर्झापूर, सारं दहा मिनिटं समजावलं. कापलेले पन्नास नि वरच्या पाऊण तासाचे पन्नास हातावर ठेवले. त्यांनी ते मोजून कमरेला खोचले. मग माझ्याकडे जरा काळजीनं पाहून विचारलं,

"गुरुजी, घड्याळ बिघडलं का?"

"हो," मी म्हणालो.

एचएमटी मनगटावर व्यवस्थित चालत होतं.