आत्याबाई : एक हाक आणि एक हक्क

इतरांपाशी बोलताना सून आपल्या सासूचा उल्लेख 'सासू' असाच करी, दस्तऐवजांतही तोच शब्द येई. परंतु समोर उभे राहून हाक मारण्याची वेळ आली म्हणजे महाराष्ट्रातील असंख्य घरांत तिच्या तोंडून 'आत्याबाई' हा शब्द निघे आणि सासऱ्यांना ती 'मामंजी' म्हणे. लग्नापूर्वी जिचे तोंडही पाहिलेले नसे, त्या स्त्रीला बापाच्या बहिणीचे नाव का मिळावे, या प्रश्नाच्या मागे लागले असता मराठी समाजाच्या घडणीचे एक जुने दफ्तर उलगडू लागते.

आईच्या बहिणीला आपण 'मावशी' म्हणतो. हा शब्द संस्कृत 'मातृष्वसा' याचे प्राकृतातून झिजत आलेले रूप होय. त्याच न्यायाने बापाच्या बहिणीला 'पितृष्वसा' या शब्दापासून निघालेले नाव मिळावयास हवे होते, आणि बंगालीतील 'पिसी' हे नाव तसे आहेही. मराठीने मात्र येथे निराळा मार्ग धरला. तिची 'आत्या' कन्नडमधील 'अत्ते', तमिळमधील 'अत्तै' आणि तेलुगूतील 'अत्त' यांच्या कुळातली आहे. आणि कन्नडमध्ये बापाची बहीण, मामाची बायको व सासू या तिघींनाही 'अत्ते' हा एकच शब्द चालतो. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या 'देशीनाममाले'त 'अत्ता' या शब्दाच्या अर्थांत आत्या आणि सासू या दोघींनाही स्थान दिले आहे. त्याच्याही कितीतरी आधी, सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त, मुक्कामास आलेल्या वाटसरूला घरातील निजण्याच्या जागा दाखवणारी सून आपल्या सासूला 'अत्ता' याच शब्दाने निर्देशिते. आणि ही गाथा इतकी मार्मिक ठरली, की काश्मीरचा काव्यमीमांसक आनंदवर्धन याने ध्वनीचे, म्हणजे काव्यातील सूचित अर्थाचे, उदाहरण म्हणून ती घेतली. सारांश, मराठी सुनेची 'आत्याबाई' ही हाक ज्या कुळातून आली, त्या कुळातील शब्द महाराष्ट्री प्राकृत बोलणारी सूनही वापरीत होती.

एका शब्दात दोन नाती नांदतात, ती त्या दोन नात्यांत एकच व्यक्ती वारंवार आढळते म्हणून. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेच्या पाच विशेष आचारांची गणना आहे, आणि मामाच्या व आत्याच्या मुलीशी विवाह हे त्यांत येतात. महाभारतातील सुभद्रा ही अर्जुनाच्या मामाची, म्हणजे वसुदेवाची मुलगी. तेव्हा कुंती ही तिची आधी आत्या आणि मग सासू. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेव्यवस्थांचे प्रदेशवार विवेचन करताना, उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या चालीरीती महाराष्ट्रात कशा एकमेकींत मिसळल्या आहेत, हे दाखवून दिले आहे. येथील अनेक जातींत मामाची मुलगी करणे प्रशस्त मानले जाई, आत्याची मुलगी करणे मात्र बहुधा टाळले जाई. म्हणजेच पूर्वी आत्या ज्या घरात दिली गेली, त्याच घरात पुढे भाची जाई, आणि तेथे उंबरठ्यावर तिला सामोरी येणारी सासू ही खरोखरच तिची आत्या असे. पुढे हाक रूढ झाली, आणि जेथे असे लग्न कधी घडले नव्हते त्या घरांतही ती टिकून राहिली.

या हाकेत एक दिलासा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवले, त्यापूर्वी आठ-नऊ वर्षांची पोर सासरी जात असताना तिला परक्या घरात एक तरी ओळखीचे नाव लाभावे, ही भावना मानवी होती. परंतु हाच दिलासा कित्येकदा तिच्या तोंडावर हात ठेवणाराही ठरला. कारण छळ झालाच तर तक्रार न्यावयाची बापाकडे आणि करावयाची बापाच्याच बहिणीविरुद्ध, अशी तिची दुहेरी कोंडी होई. शिवाय 'मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क' ही भाषा ज्या समाजात सहज बोलली जाई, तेथे त्या मुलीची संमती कोणी विचारीत नसे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने असे विवाह निषिद्ध ठरवून रूढी असेल तेथे सवलत ठेवली. आज ही चाल मागे पडत आहे आणि सुना सासूला 'आई' म्हणू लागल्या आहेत, याबद्दल शोक करावा असे मला वाटत नाही.

जपावयाचे आहे ते दुसरेच. बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून त्याचे नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो. विवाहाने जिचे गोत्र बदलले, जी या घरातून रीतसर 'दिली' गेली, तिलाच घरातील नव्या जीवाचे नाव ठेवण्यासाठी सन्मानाने पाचारण करावे, यात कन्यादानाने मुलगी परकी होते या शास्त्राला लोकांनी स्वतःच्या आचाराने दिलेले मूक उत्तर आहे. 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते' ही म्हण अशक्य कोटीतील गोष्टींची वासलात लावण्यासाठी वापरली जाते. पण तिच्या पोटात एक कबुली दडलेली आहे, की आत्या आणि काका यांचे त्या घराशी असलेले नाते एकाच मूळपुरुषापासून आलेले, म्हणून समान आहे. फरक काय तो मिशांचा, आणि वारशाची सारी वाटणी आजवर त्या मिशांवरच होत आली.

ती वाटणी कायद्याने आता मोडली आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहदायाद मानले, २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा हक्क देशभर दिला, आणि तो जन्मानेच प्राप्त होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निःसंदिग्धपणे सांगितले. तरीही वडील वारल्यावर फेरफाराची वेळ आली की बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, आणि माहेर तुटेल या भयाने ती त्यावर सही करते. साडीचोळी, दिवाळीची ओवाळणी आणि बारशाचा मान हे जणू त्या सहीचे मोल ठरते. हे मोल मला मान्य नाही. ज्या नात्याला मराठी समाजाने इतका मान दिला, त्या नात्याचे नाव सातबाऱ्यावर लागण्यास कोणाची हरकत असावी? बहीण स्वखुशीने आपला वाटा सोडीत असेल, तर तो तिचा अधिकार. परंतु तो सोडल्यावाचून तिला माहेर उरणार नसेल, तर तिला दिलेला मान हा मान नव्हे, ती किंमत आहे, आणि ती देऊन सही घेणे भावांनी थांबवले पाहिजे.