चोरलेले सफरचंद

सेमिनरीत असताना सी. एस. लुईस यांची नार्नियाची सात पुस्तके मी इंग्रजी सुधारावे एवढ्याच हेतूने वाचली होती. त्यांपैकी १९५५ साली प्रसिद्ध झालेले ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ पुढे प्रवचनांत फार उपयोगी पडले. (मराठीत ‘जादूगाराचा भाचा’ म्हणावे लागेल, कथेतला अँड्र्यू हा मुलाचा मामा होय.) आज्ञापालनाचे फळ गोड, हा मी त्यातून काढलेला धडा. गेल्या वर्षी ते पुस्तक पुन्हा वाचले आणि त्या प्रवचनांची लाज वाटली.

कथा अशी. डिगरीची आई मरणपंथाला लागली आहे. या मुलाने कुतूहलापोटी एका मृत नगरीतली घंटा वाजवली. तिने एक चेटकीण जागी झाली आणि नुकत्याच निर्माण झालेल्या नार्नियात शिरली. त्या चुकीची भरपाई म्हणून डिगरीने दूरच्या बागेतून एक सफरचंद आणावे, अशी सिंहरूपी अस्लानची आज्ञा आहे. बागेत चेटकीण त्याला गाठते. हे फळ आईला नेऊन दे, ती बरी होईल. सिंहाने तुझे काय भले केले आहे, असे विचारते.

एदेन बाग कोणालाही आठवेल. परंतु डिगरीपुढचा मोह मातृप्रेमाचा वेष घेऊन येतो. शिवाय बागेच्या दारावरचा लेख दुसऱ्यांसाठी फळ घेण्यास मुभा देतो. मग आई ‘दुसरी’ नव्हे काय? नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही यावर तासभर वाद घातला असता. डिगरीजवळ वाद नाही. आपण वचन दिले आहे आणि आईलाही चोरी रुचणार नाही, एवढेच तो म्हणतो, तरीही डळमळतो. सोबतच्या पॉलीला इथेच टाकून जा, असे चेटकीण सुचवते, तेव्हा कुठे तिचे अंतरंग त्याला कळते.

माझ्या आईच्या आजारात डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा एका नातलगाने एका भगताचे नाव सुचवले. पंचवीस वर्षे मी वेदीवरून या प्रकारांविरुद्ध बोलत आलो आहे. त्या रात्री मी पत्ता लिहून घेतला. तो कागद आठवडाभर माझ्या प्रार्थनापुस्तकात होता. अशा उपायांनी गुण येत नाही, हा माझा नेहमीचा युक्तिवाद. पण त्या आठवड्यात प्रश्न निराळाच होता : आणि आला तर?

लुईस याच प्रश्नाला भिडतात. चोरलेल्या सफरचंदानेही आई बरी झाली असती, असे अस्लान शेवटी सांगतो. मात्र त्या बरे होण्यात आनंद नसता. याहून तेव्हाच मरण आले असते तर बरे, असे मायलेकांना एके दिवशी वाटले असते. आम्ही प्रवचनकार पापाला निष्फळ ठरवून मोकळे होतो. लुईस त्याला फळ येऊ देतात आणि मग बोलतात.

डिगरीला पुढे अस्लानच सफरचंद देतो, आई वाचते. हा शेवट फार सोयीचा, असा आक्षेप मीही घेतला असता. परंतु लुईस यांची स्वतःची आई १९०८ साली कर्करोगाने गेली. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. त्याच १९५५ सालच्या आत्मकथनात ते लिहितात, की आईसाठी प्रार्थना करताना त्यांच्या मनातला देव तारणारा नव्हता, न्याय करणाराही नव्हता. तो केवळ जादूगार होता, काम करून निघून जाणारा. हे वाचल्यावर कादंबरीच्या नावातला जादूगार मला वेगळा दिसू लागला. भगताचा पत्ता ज्या पुस्तकात होता, त्याच पुस्तकातून मी रोज कोणापुढे हात जोडत होतो?

कागद मी फाडला. शूरपणाने नव्हे, उशीर झाला होता, एवढे खरे.

शेवटच्या दिवसांत आईला ही गोष्ट थोडी थोडी सांगत असे. बागेकडे निघण्यापूर्वी डिगरी आईसाठी याचना करतो आणि वर पाहतो, तर सिंहाच्याच डोळ्यांत मोठमोठे अश्रू असतात. तिथे तिला झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी म्हटले, “पुढचे सांगू का?”

“नको रे,” ती म्हणाली, “तो रडला ना, तिथवर पुरे.”

सफरचंदाचे तिला सांगायचे राहूनच गेले.