शून्य म्हणजे अभाव नव्हे

साठ विद्यार्थ्यांचे गुण साठवायला जावामध्ये एक ओळ पुरते: इंट[] गुण = न्यू इंट[60]; परीक्षा अजून व्हायची असते, तरी साठही खणांत 0 येऊन बसलेला असतो. डबलच्या ॲरेत 0.0, बुलियनच्या ॲरेत फॉल्स, स्ट्रिंगच्या ॲरेत नल.

ही सोय विचारपूर्वक केलेली आहे. सी भाषेत मॅलॉकने घेतलेल्या मेमरीत आधीचा कुठलाही कचरा पडून असू शकतो. जावा खण स्वच्छ करूनच हाती देते. मेथडमधल्या लोकल व्हेरिएबलला मात्र ती आपणहून किंमत देत नाही. किंमत न देताच ते वापरले, तर कंपायलर प्रोग्रॅम चालूच देत नाही.

पण जे अजून घडलेलेच नाही, त्याची नोंद 0 अशी करावी का? ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले. शून्य ही हिशेबात उतरणारी संख्या आहे. चाळीस जणांचे पेपर तपासून झाले, प्रत्येकाला 60 गुण मिळाले, आणि प्रोग्रॅमने सगळा ॲरे बेरजेला घेऊन साठने भागले, तर सरासरी 40 येते. एरर कुठेच नाही. उत्तर मात्र साफ खोटे.

उत्तरकालीन वैशेषिकांनी अभाव हा सातवा पदार्थ मानला आणि त्याचे चार प्रकार केले. घडा घडण्यापूर्वीचा तो प्रागभाव, फुटल्यानंतरचा प्रध्वंसाभाव, वायूत रूप कधीच नसते तो अत्यंताभाव, आणि घडा म्हणजे वस्त्र नव्हे हा अन्योन्याभाव. अभाव नेहमी कशाचा तरी असतो, हा त्यांचा आग्रह फार मोलाचा आहे. न तपासलेला पेपर, रद्द झालेला निकाल आणि विद्यार्थ्याने घेतलेलाच नाही असा विषय, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटच्या ॲरेत तिन्हींचा 0 होतो.

इंटिजर[] घेतला तर तिन्हींचा नल होतो. तो निदान संख्या असल्याचे सोंग घेत नाही. बेरजेत आला की नल पॉइंटर एक्सेप्शन येते. टोनी होर यांनी 1965 मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी नल आणला आणि पुढे स्वतःच ती अब्ज डॉलरची चूक ठरवली. तरीही गुणांच्या बाबतीत अडून बसणारा नल गुपचूप शिरणाऱ्या 0 पेक्षा बरा.

याहून चांगला मार्ग म्हणजे गुणांच्या ॲरेशेजारी ‘नोंद झाली’ नावाचा बुलियन ॲरे ठेवावा. त्यातला प्रत्येक खण फॉल्सपासून सुरू होतो, आणि त्या घडीला ते खरेच असते.